घोडीच्या दवेची वेळ

आमच्या अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा टांगा पाथरीहून मानवत रोडच्या ठेसनावर जायचा. निजामाचं राज्य होतं, मी अकरा-बारा वर्षांची असेन. टांग्याला एकच घोडी, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. घर तिच्यावरच चालायचं, म्हणून तिचं खाणंपिणं आमच्या आधी व्हायचं. अन् त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही बरं का.

घोड्यांचं सगळं ज्ञान अप्पांना एका म्हाताऱ्या सईसाकडून मिळालेलं. जहागीरदाराच्या तबेल्यात त्यांची हयात गेलेली. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. माझ्या जन्माच्या साली त्यांनी अप्पांना जंताची दवा शिकवली. पळसाच्या बिया भिजवायच्या, साल काढून वाटायच्या, गुळात गोळा करून उपाशीपोटी द्यायच्या, अन् दोन दिवस टांगा जुंपायचा नाही. वर्षातून दोनदा, मोहरमला एकदा अन् त्यानंतर तीन महिन्यांनी येणाऱ्या पिराच्या सणाला, ग्यारवीला, एकदा. अप्पांनी तो शब्द जिवापाड जपला. मोहरमच्या सवाऱ्या, म्हणजे पंजांच्या मिरवणुका, निघाल्या की आमच्या पाट्यावर पळसाच्या बिया आल्याच.

तर एका श्रावणात घोडी उतरायला लागली. पोट सुटलेलं, बरगड्या वर आलेल्या, केस राठ. शेपटीचा बुंधा भिंतीला घासून घासून उघडा पडला. चंदी पुढं ठेवली तर तोंड फिरवायची. चढावर थांबायची, मग लोकं उतरून अप्पांना विचारायची, टांग्यात बसायचं का टांगा ढकलायचा? अप्पा हसण्यावारी न्यायचे. घरात कुणी दवा द्या म्हटलं की म्हणायचे, ग्यारवीला दिलीय, आता मोहरमला. मोहरम चार-पाच महिने लांब. घोडी तेवढी टिकत नाही, हे मला पोरीलासुद्धा दिसत होतं.

माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. पण रोज लीद तीच काढायची, अन् लिदीत काय हाय ते तिला कळायचं. एका सकाळी हात धुऊन ती अप्पांसमोर येऊन बसली.

"अवो, ही पोर झाली तवा मोहरमला मी बाळंतीण होते. सवारी दारात आली तर भुई अशी तापली होती, की लोकायच्या पायावर पानी वतावं लागलं. आन् औंदा सवारीला तुमी काय पांघरलं होतं?"

"घोंगडी."

"मग?"

मायच पुढं बोलत गेली. मोहरमचं साल चांदावर चालतं, आपल्यासारखा अधिक महिना त्यात धरत नाहीत, म्हणून दर साली सण दहा-बारा दिवस अलीकडं येतो. चाचांनी शिकवलं त्या साली मोहरम मिरगाच्या तोंडावर होता अन् ग्यारवी पाऊस सरताना. आता एक थंडीत येते, दुसरी उन्हाळ्यात. ओल्या गवतातून जंत पोटात जायचे ते पावसाळ्यात, अन् तोच सगळा दवेवाचून जायलाय.

मला आजही नवल वाटतं. इतकी सालं सगळं गाव त्या सवाऱ्यांपुढं चाललं, आम्हीही चाललो, अन् घोडीच्या दवेशी त्याचा संबंध कुणी लावला नाही. तिनं तो आपल्या बाळंतपणावरून लावला.

पण अप्पांना उस्तादाचा शब्द मोडवेना. तसेच पावसात चाचांकडे गेले, मला घेऊन. चाचा बाजेवर पडून होते, नजर गेलेली. सगळं ऐकून त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"अरे बेटा, मी तुला त्या सालचं सांगितलो. दर सालचं कवा म्हनलो?" मग म्हणाले, "इथून पुढं मला नको, तुझ्या घरवालीला इचारत जा."

एवढा मोठा माणूस, आपल्या विद्येचा जराही ताठा नाही. तेही मी विसरले नाही.

उन्हाळ्यात वेचलेल्या पळसाच्या शेंगा मायनं जपून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गोळा दिला. दोन दिवस टांगा दारात उभा. लिदीत पांढरे, वितीएवढे जंत पडले, तेव्हा मायनं अप्पांना हाक मारून दाखवले. ते तिथंच उकिडवे बसून बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी घोडीनं तोबऱ्यात तोंड घातलं ते रिकामा होईस्तोवर काढलं नाही. मला वाटलं, आता टांगा जुंपतील. पण अप्पा चुलीपाशी आले अन् लय हळू आवाजात विचारलं, "आता दुसरी कवा द्यायची?"

माय भाकरी थापत होती. "दसऱ्याला. मंग मिरगाच्या आधी. आन् घोडीचं बांधायचं ठान हलवा, तितं चिखल हाय."

त्याच दुपारी अप्पांनी खुंटा उपटला.