सलूनच्या भिंतीतली खिडकी

२००५ साली आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. दुपारी चालायला जायचे, तेव्हा वाटेत विटांची एक बंद इमारत लागायची. तिच्यावर रंग उडालेली पाटी होती, ‘सलून’. मला वाटलं, केस कापायचं दुकान.

नवऱ्याला म्हटलं, “तिथे काम चाललंय. उघडलं की जाऊन ये, केस वाढलेत.”

तो हसायलाच लागला. “अगं, तो जुन्या काळचा दारूचा गुत्ता आहे.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आत डोकावले. साठीची एक बाई शिडीवर चढून छताच्या नक्षीदार पत्र्यावरचा रंग खरवडत होती. शाळेतून रिटायर झाल्यावर तिनं ही जागा घेतली होती. जुनं रूप तसंच राखून तिला इथे रेस्टॉरंट काढायचं होतं. “बघायचंय? ये की,” ती म्हणाली. मग मी रोजच जायला लागले.

एके दिवशी कामगार बाजूच्या भिंतीचा गिलावा काढत होते. आत लाकडी चौकट लागली. जेमतेम डोकं मावेल एवढी खिडकी, खाली वीतभर फळी.

“ही कशासाठी?” मी विचारलं.

ती फळीवरून हात फिरवत राहिली. “म्हणजे आई खरं सांगायची. आम्हाला वाटायचं, रचून सांगते.”

तिची आई नव्वदीच्या पुढची होती. लहानपणी वडील तिला पत्र्याचा डबा देऊन बिअर आणायला पाठवायचे. बायकांना आणि पोरांना आत मज्जाव, म्हणून डबा या खिडकीतून भरून मिळायचा. आतून पियानो आणि हसणं ऐकू यायचं. टाचा उंचावल्या तरी तिला दिसायचा फक्त देणाऱ्याचा एप्रन.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, खिडकी बुजवून टाकू, थंडी आत येईल. मालकिणीनं साफ नाही म्हटलं.

उद्घाटनाला तिनं आईला व्हीलचेअरवरून आणलं, पुढच्या दारानं. म्हातारीनं लांबलचक काउंटर पाहिला, त्याच्या खालचा पाय टेकायचा पितळी दांडा पाहिला, मान वर करून छत पाहिलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“एवढंच?” ती म्हणाली.

लेकीचा चेहरा पडला. मग तीच आधी हसली.

जेवताना म्हातारी माझ्या शेजारी होती. तिनं विचारलं, “तुमच्याकडे पुरुष कुठे जमतात?”

मी नागपूरची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता. संध्याकाळी तिथे घोळका असायचा, आणि आम्ही मुली मान खाली घालून पलीकडून जायचो. तिला ते सांगितलं.

“काय बोलतात तिथे?”

“माहीत नाही. कधी थांबलेच नाही.”

“पुढच्या खेपेला थांब,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटलीतला एक फ्रेंच फ्राय उचलून खाऊ लागली.