हौदातलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. दमले असेन, दुसरं काय.

आम्ही पळसदेवच्या चार बायका दर रविवारी धरणाच्या फुगवट्याचं पाणी तपासतो. शिकवायला आलेल्या मॅडमनी प्रत्येकीला एक जागा दिली, एक पेटी दिली. बाटलीत पाणी भरायचं, औषधाचे थेंब टाकायचे. तपकिरी झालं तर पाणी चांगलं, पांढरं राहिलं तर खराब. वहीत त्या रंगापुढं फुली मारायची, झालं. ओढा फुगवट्याला मिळतो, ती माझी जागा. शेवंताची तिथनं जरा खाली. शेवंता मासे धरते, आणि तिच्या घरात प्यायलाही तेच पाणी.

सुरुवातीला जात होते मी, खोटं कशाला बोलू. पण तो गुडघाभर चिखल, तो वास, त्यात हे मेले गुडघे — आणि वांग्यांची तोडणी नेमकी रविवारचीच. एकदा घरामागच्या हौदातनंच बाटली भरली. छान तपकिरी झाली. मग पुढच्या रविवारी कशाला जायचं? आणि त्याच्या पुढच्या? वर्षभर मी आमचा हौदच तपासत होते.

शेवंताचं पाणी मात्र सारखं पांढरं. तिनं ते प्यायचं बंद केलं, लांबच्या हातपंपावरनं हंडे आणायला लागली. मग बैठकीत आमच्या दोघींच्या वह्या शेजारीशेजारी ठेवल्या. ओढ्याच्या तोंडाशी पाणी चांगलं आणि खाली खराब, असं कसं होईल? मॅडम म्हणाल्या, शेवंताबाईंना फिकट रंग दिसत नसेल. मी दहावी शिकलेली, ती शाळेची पायरी न चढलेली — कुणाचं खरं धरणार?

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. बोलले का? उलट म्हणाले, "शेवंते, चष्मा घे बाई आता." बायका हसल्या. शेवंतापण हसली.

तिनं खरंच इंदापुरातनं चष्मा आणला. हंडे आणायचं सोडून दिलं.

तेव्हापासनं ठरलंय, फुली मारायच्या आधी तिनं बाटली मला दाखवायची. येते बिचारी, ओलं लुगडं सावरत ओट्याशी उभी राहते. चहा घे म्हटलं तरी बसत नाही.

गेल्या रविवारी घाईतच आली.

"आक्का, लवकर बगा. नातीला जुलाब लागल्यात, घरी जायाचं हाय. मला तर पांढरंच दिसतंय, पर माज्या डोळ्यांचं काय खरं न्हाय. तुमीच सांगा."

मी बाटली उजेडाला धरली. ताकासारखी पांढरी होती — आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. खरं सांगितलं असतं तर माझं वर्षभराचं उघडं पडलं असतं. हेच आलं माझ्या मनात. त्या पोरीचं नंतर आलं.

"तपकिरी आहे," मी म्हणाले.

तिनं तपकिरीपुढं फुली मारली आणि घरी गेली.