सिनेमा थांबवणारा माणूस

"रडायचं नाही. नीट बघायचं," असं म्हणून तो रिमोटचं बटण दाबायचा आणि सिनेमा थांबायचा. पडद्यावर युद्धानंतरचं इटलीतलं एखादं पडकं शहर, पावासाठी रांगेत उभी असलेली एखादी बाई. आणि समोर सोफ्यांवर आम्ही, पुण्या-मुंबईहून सिंगापूरला आलेली, पोटभर जेवलेली माणसं. कुणाचा तरी हात रुमालाकडे गेलेला असायचा आणि नेमका त्याने तो पाहिलेला असायचा.

मला हा माणूस आवडत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच: जेवायला बोलवावं, तर आपल्याच ताटाकडे बघून तोंड वाकडं करणारा.

विद्यापीठात तो गरिबीवरच्या त्या जुन्या इटालियन सिनेमांचा अभ्यास करायचा. क्लेमेंटीला कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचा. महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी आमच्यापैकी कुणाच्या घरी सिनेमा दाखवायचा, तोही फुकट. त्यामुळे नको म्हणायलाही जड जायचं.

एकदा त्याने एका गवंड्याची गोष्ट दाखवली. पडून हात मोडलेला, पण काम जाईल म्हणून तो हात खिशात लपवून रोज मुकादमासमोर उभा राहतो. माझा नवरा सहज म्हणाला, "बिचारा!"

सिनेमा थांबला. "बिचारा म्हटलं की सुटलात तुम्ही. तुमच्या सेंगकांगच्या बिल्डिंगला रंग लावताहेत ना? खिडकीबाहेर दोरांवर लटकणाऱ्या पाळण्यात उभ्या असलेल्या रंगाऱ्याचा चेहरा सांगा."

नवऱ्याच्या हातातला वडा हातातच राहिला. मला मात्र संताप आला. हे सांगणाऱ्याची स्वतःची बशी तर सोफ्याखाली पडलेली होती. ती उचलणार कोण?

पुढचा सिनेमा ईस्ट कोस्टच्या महागड्या काँडोत, आमच्यातल्या मेधाताईंकडे होता. त्यांच्याकडे वाती नावाची इंडोनेशियाची बाई घरकामाला होती. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मेधाताईंनी हातानेच तिला आत जायची खूण केली.

सिनेमा थांबला. "तिला बसू द्या," तो म्हणाला.

"कामं पडलीत तिला."

"गरिबांचे सिनेमे बघायचे आणि घरातल्या कामवालीला दारातून हाकलायचं? ती बसेल, नाहीतर मी चाललो."

"माझ्या घरात कोण बसेल हे तुम्ही ठरवणार?" मेधाताईंचा आवाज चढला. "चला, निघा!"

त्याने लॅपटॉप काखोटीला मारला आणि निघाला. जाताना दार आपटलं. वाती दोघांकडे बघत तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती त्याने पाहिली नव्हती.

आठवड्याभरात मेधाताईंनी वातीला परत इंडोनेशियाला पाठवायचं ठरवलं. "तिच्या डोक्यात नसतं काही भरलं गेलंय," त्या म्हणाल्या.

मी त्याला फोन केला. "अभिनंदन! तुमच्या भाषणामुळे एका बाईची नोकरी गेली."

त्याने फोन बंद केला.

त्यानंतर तो घरोघर फिरला. ज्यांनी त्याला परत बोलवायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांच्याच दारात उभा राहून "तुमच्याकडे वातीला ठेवून घ्याल का?" असं विचारत. काहींनी त्याला पाणीही विचारलं नाही. शेवटी तो आमच्याकडे आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"मला हवं ते बोला," तो म्हणाला. "पण तिला परत पाठवू देऊ नका. प्लीज."

हा शब्द त्याला येतो हे मला माहीत नव्हतं. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि मी बाळासाठी कुणीतरी शोधतच होते. "तुमच्यासाठी नाही हं," मी बजावलं. मेधाताईंना फोन केला. "ने बाई, मला डोळ्यांसमोर नको," असं म्हणून त्यांनी तिला सोडलं, आणि रीतसर मंजुरी मिळून वाती आमच्याकडे आली.

तो तिला भेटायला आला तेव्हा मोठ्या आदराने म्हणाला, "तुम्हाला तो सिनेमा पुरा बघता आला नाही."

वाती गोंधळली. मग तिच्या इंग्रजीत म्हणाली, "मी सिनेमा बघायला नव्हते आले, सर. मॅडमना विचारायला आले होते, वडे आता तळू की नंतर."

माझा नवरा हसू दाबायला उठून गॅलरीत गेला. मीही तोंड फिरवलं. मागे वळले तर तो जमिनीकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मी विचारलंच नाही," एवढंच तो म्हणाला. मग त्याने तिला तिच्या गावाबद्दल विचारलं. ती बराच वेळ बोलली. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

काही महिन्यांनी तो निरोप घ्यायला आला. विद्यापीठाने त्याचं काम पुढे चालू ठेवलं नव्हतं. आम्ही "अरेरे" म्हणालो, "दुसरीकडे बघा, मिळेल" म्हणालो. अशा वेळी म्हणायचं ते सगळं म्हणालो.

वाती बाळाला कडेवर घेऊन आली. "पास कॅन्सल, सर?"

त्याने मान हलवली.

इथे कामाचा पास रद्द झाला की देश सोडावा लागतो; आमच्यापैकी कुणालाही त्या दोन शब्दांचा अर्थ तिच्याइतका कळला नसेल. ती आत गेली आणि पोळ्या-भाजीचा डबा भरून घेऊन आली. तो नको म्हणाला. तिने डबा त्याच्या हातात कोंबला.

तो गेल्यावर आम्ही कॉरिडॉरच्या कठड्यापाशी उभे राहिलो. खाली बसस्टॉपवर तो दिसत होता. बस आली, थांबली, निघून गेली. तो चढला नाही. मांडीवर डबा उघडून, मान खाली घालून तो भराभर जेवत होता.

"भूक लागलीय त्यांना, मॅडम," वाती म्हणाली.