विकतचा आंबा

अण्णा, मी घर सोडलं त्या दिवशी माळ्यावर अढी लागलेली होती. भाताच्या पिंजरात थरावर थर रचलेले आंबे, आणि त्यांचा वास पार उंबऱ्यापर्यंत. हुबळीत दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात नोकरी लागली होती आणि मालकानं लगेच ये म्हणून निरोप धाडला होता. आई म्हणाली, पोरगं चाललंय, एखादा आंबा तरी काढून द्या. अप्पा म्हणाले, "आधी उघडली तर समदी अढी जाईल." तुझ्या सायकलला ट्रंक बांधून आपण अळणावर स्टेशनला गेलो. गाडीत मला रडू आलं. ते घरासाठी की आंब्यासाठी, ते तेव्हाही कळलं नाही.

आपल्याकडं उन्हाळा लाडक्या पाहुण्यासारखा यायचा. होळी झाली की अंगण सारवायचं, कुंभाराकडून नवी घागर आणायची, अंथरुणं बाहेर पडायची ती मिरगापर्यंत आत जायची नाहीत. ओढ्यात म्हशींबरोबर डुंबायचं, करवंदांनी तोंड काळं करून घ्यायचं, दुपारी गार आंबील प्यायची आणि झाडाखाली लोळायचं. आणि या सगळ्याच्या वर अप्पांची अढी. एका घराची अढी एकाच हातानं घालायची, त्याच हातानं परतायची, त्यानंच उघडायची. दुसऱ्याचा हात लागला की आंबा डागतो, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. आज्जा होते तोवर अप्पांनी पिंजराला बोट लावलं नाही. आज्जांचं बारावं झालं आणि मगच हात बदलला. जिवंतपणी कुणी अढीचा हात दुसऱ्याला देत नाही.

हुबळीचा उन्हाळा तुला काय सांगायचा. वर तापलेला स्लॅब, खाली तापलेली फरशी, मध्ये आम्ही भाकरीसारखे भाजतो. दुकानात लग्नसराईची गर्दी, दिवसभर गिऱ्हाइकांना "बर्री, कूड्री", या, बसा करून घसा बसतो. संध्याकाळी दुर्गदबैलच्या चौकात लिंबूसोडा प्यायला की उन्हाळा साजरा झाला म्हणायचं. तरी दर वर्षी ऊन तापायला लागलं की मला बरं वाटायचं, कारण चार दिवसांची रजा मिळायची आणि मी आंबे उतरवायला गावी यायचो. बाकीचं वर्ष मी त्या चार दिवसांवर काढत होतो, हे मी कधी कुणाला बोललो नाही.

या वर्षी शिवरात्रीला अप्पांची उजवी बाजू गेली. पुढचं तुला ठाऊकच आहे, आपण दोघांनीच त्यांना इथं आणलं. रोज व्यायाम करून घ्यायला माणूस पाहिजे, तो गावात कुठून मिळणार. डॉक्टर म्हणाले पावसाळ्यापर्यंत हलवू नका. अप्पांनी मात्र स्वतःची मुदत स्वतःच ठरवली होती. "आंबं उतरायच्या आत हात चालला पायजे."

तू तेव्हा बघायला नव्हतास. दारात खुर्ची टाकून हा माणूस सकाळपासून रबराचा चेंडू दाबत बसायचा. बोटं वळायची नाहीत, घामानं बनियन भिजायची. बोळातली बायामाणसं सहज विचारायची, "हेंगिद्दीरी अज्जा?", कसे आहात म्हणून, आणि हे अभिमानानं सांगायचे की ऊरिगे, गावाला जायचंय, आंबे आलेत. मध्ये एकदा अंगठा जरासा हलला, तर त्या दिवशी त्यांनी पिशवी भरायला लावली. ती पिशवी बरेच दिवस दाराशी होती. मी रोज तिला ओलांडून कामावर जायचो आणि मनात म्हणायचो, देवा, एवढं कर. देवानं काही केलं नाही.

मग तुझा फोन आला. आंबे उतरवलेत, पडवीत पोती पडलीत, काय करू? मी फोन त्यांच्या कानाला धरला. त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "तू घाल."

"मी? तुम्ही येईस्तोवर थांबतो की, अप्पा," तू म्हणालास.

"आंबं थांबत न्हाईत."

तू फोन ठेवलास, तुझं तिथं संपलं. मला इथं त्यांच्याकडं बघावं लागलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी कुठंही असलो तरी घर आहे तिथं आहे, पिंजरात घातल्यासारखं, आपोआप पिकतंय. कोण पिकवतंय याचा विचारच केला नव्हता. त्या दिवशी कळलं.

जरा वेळानं बोळात आंब्याची गाडी आली. अप्पांनी जन्मात विकतचा आंबा खाल्ला नव्हता. बाजारात पेट्या बघून नाक मुरडायचे, पावडरीचा पिवळा म्हणायचे. त्यांनी डाव्या हातानं गाडीवाल्याला थांबवलं. तो म्हणाला, "भाळ सिही अदाव री, अज्जा." फार गोड आहेत म्हणे. मी विचारलं, कुणाला घ्यायचा? तर म्हणाले, मला.

मी धुऊन, चोळून मऊ करून दिला. त्यांनी तो शर्टावर गाळत, सावकाश, कोय पांढरी होईपर्यंत खाल्ला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गोड हाय."

अण्णा, त्यातलाच दुसरा मी खाल्ला. तो नुसता पिवळा होता, चव म्हणून नव्हती.

तेव्हापासून ते रोज एक मागून घेतात आणि रोज गोड आहे म्हणतात. दाराशी भरून ठेवलेली पिशवी त्यांनीच रिकामी करायला सांगितली. काल तू कळवलंस की अढी चांगली लागलीय, उघडली की पेटी पाठवतो. पाठवू नकोस. तुझे आंबे आले तर त्यांना खरं बोलावं लागेल.