पावणेचारची भरती

सुचितासारखी शिक्षिका अख्ख्या तालुक्यात शोधून दाखवा. मिळणार न्हाय. डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, ती पण आपल्याच गावात, खाडीच्या काठी. सातवीचं गणित ती फळ्यावर कमी आणि चिखलात जास्त शिकवते. ज्याला हे पटत न्हाय त्यानं तिच्या पोरांना एक उदाहरण घालून बघावं.

यंदा तिनं खाडीच्या उतारावर एक लांब काठी ठोकली. दर वीतभर अंतरावर लाल पट्टा. पोरं पाळीपाळीनं कमरेला दोर बांधून उभी राहायची आणि दर पाव तासाला पाणी कुठं आलं ते वहीत लिहायची. महिनाभर लिहिलं आणि एक गोष्ट सापडली. गावात भरतीचं गणित पिढ्यान्‌पिढ्या एकच: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, जे येईल त्या वेळेला पाणी भरतं. पोरांच्या वहीत मात्र पाणी त्या गणितापेक्षा रोज पाऊण तास उशिरा भरत होतं.

हे पोरांनी पालकसभेत सांगितलं आणि बाळाजी भडकला. बाळाजी म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष, मिठागरवाल्यांच्या घरातला. त्याच्या आज्यानं ह्याच गणितावर मिठागर चालवलेलं.

"माझा आजा खोटा आणि ही शेंबडी पोरं खरी?"

त्यानं अर्ज लिहिला. बाई शिकवत न्हाय, पोरांना चिखलात उतरवते. अकरा पालकांच्या सह्या घेतल्या. तो अर्ज तालुक्याला गेला असता तर सुचिताचं पोरांना बाहेर नेणं कायमचं बंद. तिनं सरळ त्याचं दार गाठलं.

"अध्यक्ष, अर्ज द्या खुशाल. पण आधी खाडीवर या. सह्या करणाऱ्यांना पण आणा. तुमचं गणित खरं निघालं तर काठी मी माझ्या हातानं उपटते."

"उपटायची तयारी करूनच ये, बाई."

त्या दिवशी पंचमी होती. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. साडेतीनलाच गाव काठावर जमलं. बाळाजी नवी कोरी मोटारसायकल घेऊन आला. पावणेचार वाजले तसा त्यानं गाडी उतारावर घेतली, पुढचं चाक पाण्याला टेकवून स्टँडवर लावली आणि चावी खिशात टाकली.

"भरलं पाणी! ह्याच्यापुढं एक बोट येणार न्हाय. बाई, काठी उपट."

"पोरांची वेळ साडेचारची हाय. थांबा."

"थांबतो की. तुझी नोकरी कशी जाते ते बघायला रात्रभर थांबीन."

सुचिताला राग आला होता, पण ती घड्याळावरून नजर काढत न्हवती. चार वाजले. पाणी चाकाच्या रिमला लागलं.

"वाऱ्यानं येतंय," बाळाजी म्हणाला.

सव्वाचारला चिखल भिजून स्टँड रुतायला लागला, साडेचारच्या ठोक्याला गाडी कलली आणि धप्पकन पाण्यात आडवी झाली.

कालवं काढणारी सखुबाई काठावरून ओरडली, "बाळाजी, गाडीला पोहायला शिकवतोस काय रं?"

सगळा काठ हसला. बाळाजी धोतर आवरत पाण्यात धावला. दोन पोरं मदतीला निघाली, तशी सुचिता कडाडली, "कुणी हलायचं न्हाय! आधी आकडा. हेमाली, किती?"

"बाई, साडेचार! वीतभर चढलंय. आता थांबलंय." काठीपाशी दोर बांधून उभी असलेली पोरगी ओरडली.

पावणेपाचला पाणी दोन बोटं उतरलं. ते पण हेमालीनं लिहिलं. मगच सुचितानं पोरं गाडीकडं सोडली.

"काठी ठोकली म्हणून पाणी अडलं आणि चढलं!" चिखलानं माखलेला बाळाजी ओरडला.

"तुमच्या आज्याचं मिठागर खाडीच्या तोंडाशी, समुद्राला लागून," सुचिता म्हणाली. "इथं वर यायला पाण्याला पाऊण तास लागतो. आजा खोटा न्हवता. तुम्ही त्याचं गणित भलत्या जागी आणलंत."

"आज्याचं नाव काढू नकोस!"

हेमालीची आई कल्पिता पुढं आली. तिनं बाळाजीच्या खिशातला ओला अर्ज ओढून काढला, पेन मागितलं आणि आपली सही खोडली. मागून बाकीचे आले. शेवटी त्या कागदावर एकट्या बाळाजीची सही उरली. एकट्याची सही घेऊन तो काय तालुक्याला गेला न्हाय.

सोमवारी सुचिता परत त्याच्या दारात.

"उद्या तुमच्या मिठागरावर दुसरी काठी ठोकायची हाय. तिथं किती वाजता भरतं ते पोरांना बघायचंय. हो की न्हाय, तेवढं बोला."

बाळाजीनं दार अर्धं लावून घेतलं.

"ठोका. पण मला हाक मारायची न्हाय."

"मारणार न्हाय," सुचिता म्हणाली आणि पायऱ्या उतरली.