दोन ट्रॉल्या आणि एक फाटक

मी लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नकाशे काढायलाही अजून नीट शिकलेलो नाही, मग लिहिणं तर लांबच. पण नकाशात केलेल्या एका चुकीचं मला अजून नवल वाटतं.

परभणीत एका आर्किटेक्ट सरांकडे मी शिकायला जायचो. वालूरजवळ एका मोकळ्या जागेवर एक संस्था मजूर कुटुंबांसाठी आधार केंद्र बांधणार होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह, दवाखान्याची खोली, बायकांसाठी सभागृह. जागेचा नकाशा सुधारायला सरांनी माझ्याकडे दिला. मी समोर बाग आखली, रस्त्याच्या बाजूनं एक फाटक, आत सरळ वाट, वाटेच्या शेवटी वसतिगृह. कागदावर छान दिसत होतं, संस्थेलाही आवडलं.

मामांना दाखवलं. ते ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा.

"आत आलो. आता भाईर कसा पडू?"

"रिव्हर्स घ्यायचा, मामा."

"दोन ट्रॉल्या जोडून? तुमच्या कॉलेजात ट्रॅक्टर न्हाई वाटतं."

लहानपणी आईबरोबर ऊसतोडीला मामांच्या त्याच ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून गेलो होतो. दोन ट्रॉल्या मागं घेता येत नाहीत, मागची आडवी होते, हे मला शाळेआधी कळलं होतं. मग हातात पेन्सिल आल्यावर ते कुठं गेलं?

मुलांना सोडायला आलेला ट्रॅक्टर आत येणार नसेल तर तो हमरस्त्यावरच थांबणार, आणि आया मुलांना तिथंच सोडून जाणार. मला आत्याकडे ठेवलं त्या वर्षी आईनं असाच रस्त्यावर माझा हात सोडला होता. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी जागेवर गेलो. पुढं मी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ टाकत, मागं मामा ट्रॉल्या घेऊन. एका कोपऱ्यातून आत, वळसा, दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर. मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आतून वळते आणि रेघ पुसते. का, हे मी मामांना तीनदा विचारलं.

"मला काय इचारतो, तिला इचार. आजून एक चक्कर मारू का, इंजिनेर?"

चौथ्या फेरीला रेघ शाबूत राहिली. तीच कागदावर उतरवली, दोन्ही टोकांना एकेक फाटक.

सरांनी नवा नकाशा जुन्याशेजारी ठेवला. "बाग गेली?"

"वळशाच्या मधे थोडी राहिलीय, सर."

"संस्थेला ती बागच आवडली होती. पाठवतो, पण आशा धरू नको."

दसरा झाला. टोळी निघायच्या तयारीत होती, तेव्हा मामांचा फोन आला.

"तुझ्या जागेवर मिस्त्री फक्की टाकायलाय."

"फाटकं किती आखलीत, मामा?"

"थांब, बघून येतो."

फोन चालूच होता. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

"दोन हायती."