बाबांचे हात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, हॉस्टेलमधल्या मित्राजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मनातसुद्धा मी हे पूर्ण म्हणत नाही — अर्ध्यावर थांबतो. आज लिहून पाहतो.

मी आदिलाबादच्या एका कॉलेजात बी.एस्सी. करतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गाव त्याच जिल्ह्यातलं, बेल्याकडचं, थोडं शेत, कापूस. घरी आई आणि सिद्धू, माझा धाकटा भाऊ. ताई जैनथ गावाकडे दिलेली. बाबा आम्ही लहान असतानाच तापानं गेले.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. वाईट होते का? — मला नाही सांगता येत. पण राग आला की समोर ताट आहे, बैल आहे की आई आहे, हे त्यांना दिसायचं नाही. नंतर स्वतःच डोकं धरून ओट्यावर बसायचे. सिद्धू हुबेहूब त्यांच्यासारखा. त्याच जाड भुवया, तेच रुंद पंजे. तो पाळण्यात होता तेव्हाच बाया म्हणायच्या, "दुसरा बापच हाये वं हा." मी आईवर गेलो. बारीक चेहरा, हळू आवाज. "हा गरीब हाये बापा," असं माझ्याबद्दल म्हणत. आम्ही काही करण्याच्या आधीच आमचे स्वभाव असे वाटून झाले होते.

मग चांद्याचं झालं.

चांद्या आमचा बैल. कपाळावर पांढरा ठिपका होता त्याच्या. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं भाऊ बैल घरी आणत होतो. चांद्यानं दुसऱ्याच्या ज्वारीत तोंड घातलं. शेतमालक बांधावरून ओरडला, बापाचं नाव घेऊन नको ते बोलला आणि निघून गेला. मी पुढून कासरा ओढत होतो, चांद्या हलेना. सिद्धू मागून ढेकळं फेकत होता — हसत, खेळ म्हणून. लहान होता फार. आणि माझ्या हातात तुतारी होती, बैल हाकायची काठी. ती मी चांद्याच्या तोंडावर मारली. एकदा मारून थांबलो असतो तर — पण मी थांबलो नाही. तो मान फिरवत होता आणि मी मारत होतो. मला बरं वाटत होतं. हो — बरं.

डोळा गेला. मध्ये बैलाचं धूड होतं, सिद्धूला माझा हात दिसला नाही. आई धावत आली. मी म्हणालो, "सिद्धूनं ढेकूळ मारलं."

मला कुणी पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारतील? आईनं सिद्धूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पाहतच राहिली. तिला तिथे सिद्धू दिसत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. तो रडत म्हणत होता, "माय, म्या मुद्दाम नाई मारलं वं." त्याला खरंच वाटलं, आपल्याच ढेकळानं डोळा गेला. आजही वाटतं.

पुढे दोघांतल्या एकालाच शिकवणं होईल अशी वेळ आली, तेव्हा आईला विचार करावा लागला नाही. "थो तापट हाये, शाळेत कोनाचं डोकं फोडन." शांत पोरगा हॉस्टेलला आला. सिद्धू शेतात गेला.

गेल्या वर्षी वर्गात आनुवंशिकता शिकवली. मॅडम म्हणाल्या, स्वभावाचा कल काही अंशी आईबापांकडून येतो, पण रागाचं असं एकच जनुक नसतं. पुष्कळ जनुकं थोडाथोडा वाटा देतात, आणि मग घर, माणसं, वाढवणं. चेहरा एकाचा आला म्हणून स्वभावही त्याचाच येतो, असं तर मुळीच नाही. बाजूचा मित्र तेलुगूत काहीतरी विनोद करत होता. मी 'मुळीच नाही' हे शब्द वहीत उतरवून घेत होतो.

बाबांचा राग माझ्यात आला असेल का? असेल. असं म्हटलं की थोडं हलकं वाटतं — रक्तातच होतं, मी काय करणार? पण मग ते खोटं? ते कोणत्या रक्तातून आलं? ते तर मी राग उतरल्यावर, विचार करून बोललो.

सिद्धूनं त्यानंतर कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. तो बैल हाकायला काठी घेत नाही, नुसता तोंडानं हाकतो. कुणी वाद घातला की उठून निघून जातो. लोक म्हणतात, रागीट आहे, जाऊ द्या.

या उन्हाळ्यात ताई बाळंतपणाला घरी आली. मुलगी झाली. मी सुट्टीत गेलो तर सिद्धूनं अजून तिला घेतलंच नव्हतं. ताई म्हणाली, "मामा हायेस का पाव्हना रे? घे ना, चावत नाई थे!" सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "नाई ताई. हे बाबाचे हात हायेत. माहा मलेच भरोसा नाई." मग माझ्याकडे वळला. "दादा, तू त हेच शिकून राह्यला ना? सांग इले. रक्तात असते ना हे?"

तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. त्याला 'नाही' ऐकायचं होतं. मला ते दिसत होतं. एक शब्द — आणि तो खराही होता, माझ्या पुस्तकात होता. पण 'नाही' म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग चांद्याचं कसं?

"असते," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. ताईनं मुलगी माझ्या हातांत दिली. आई म्हणाली, "पाह्य, गरीब मानसाजवळ कशी उगी झाली." सिद्धू दोन्ही पंजे काखेत दाबून, दारापाशी लांब उभा राहून पाहत होता. ती माझ्या हातांत झोपली.